ओट्यावरचं वायफाय

सुनावणी सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि माझ्या नव्या लॅपटॉपवरचं नेट पुन्हा गेलं. पडद्यावर तेच वाक्य आलं: जोडलेलं आहे, इंटरनेट नाही. मला त्या वाक्याचा राग यायचा. सरकारी उत्तरासारखं वाक्य होतं ते. तुमचा अर्ज मिळाला आहे, काम झालेलं नाही.

माझ्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेवर ताई बसली होती. नात्यातली नव्हे, नानांच्या ओळखीची, धडगावच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची. नाना म्हणजे माझे वडील. पाड्यावर अंगणवाडी सेविकेची जागा निघाली, तिने अर्ज केला आणि तिची निवडही झाली. मग दुसऱ्या एका उमेदवाराने तक्रार केली, की ही बाई पाड्यावर राहतच नाही, लग्नानंतर खाली सपाटीवर राहायला गेली. सेविका त्याच गावात राहणारी हवी, असा नियम. निवड थांबवली गेली. ताईने अपील केलं. सुनावणी व्हिडिओवरून ठेवली आणि नोटिशीत लिहिलं, की हजर न राहिल्यास एकतर्फी निर्णय होईल. पाड्यावर रेंज नाही. म्हणून ती आदल्या दिवशी जीपने घाट उतरून म्हसावदला, आमच्या घरी आली होती. तिचा फोन बटणांचा, नानांचाही. माझ्या फोनचा पुढचा कॅमेरा फुटलेला, आणि सुनावणीत चेहरा दिसलाच पाहिजे अशी अट. उरला हा लॅपटॉप.

नवा म्हणून मी त्याच्यावर फारच विश्वास टाकला होता. जुना लॅपटॉप पाट्यासारखा जड होता, पण तो कायम राउटरच्या वायरीला बांधलेला असायचा आणि त्याचं नेट कधी गेलं नाही. नवा इतका पातळ, की त्याला ती वायर खुपसायला जागाच नव्हती. सगळा कारभार हवेतून.

मी राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायचं नाव विसरायला लावून पुन्हा जोडलं. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप आपणहून वायफाय झोपवतो असं कुठेतरी वाचलं होतं, ती खूण काढली. नेट आलं. मी ताईकडे बघून हसले. ती हसली नाही. नेट गेलं.

नेटच्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, एकदा राउटर बंद करून चालू करा."

"केलं."

"मग अजून एकदा करून बघा ना."

फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात कंपनीविरुद्धचं अख्खं पत्रक तयार झालं होतं, मथळ्यासकट. लहानपणी मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या पुढच्या खोलीत कधीच पाहुण्यांसाठी जागा नसायची, गठ्ठ्यांसाठी असायची. नानांनी हयातभर पत्रकं लिहिली, छापून घेतली, बाजाराच्या दिवशी वाटली. मला शत्रू लवकर सापडतो, तो त्यामुळे. पण नानांचा दुसरा अर्धा धडा मला नेहमी उशिरा आठवतो.

ते दारात येऊन उभे राहिले होते. "कंपनीना दोष शे म्हनस. पुरावा?"

"नेट जास, हाऊच पुरावा!"

"हाऊ पुरावा नही. हाई तक्रार शे."

रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी उठून पुढचं दार लावून घेतलं. पत्र्याचं दार आहे आमचं, लावलं की खोली निम्मी शांत होते. पाच-सात मिनिटं नेट टिकलं. सुनावणीच्या दुव्यावर मी ताईला घेऊन आत गेले, आधीचं प्रकरण चालू होतं, आम्हाला थांबायला सांगितलं. ताईने पदर सारखा केला.

तेवढ्यात माय आतून तांब्या घेऊन आली.

"पावनी घरमा शे नि तू दार लाई लेस? लोक काय म्हनतीन?" तिने दार सताड उघडलं, ओट्यावर फोन घेऊन बसलेल्या गल्लीतल्या पोरांना पाणी दिलं आणि उघडंच ठेवून आत गेली. पडदा गोठला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांचा चेहरा अर्धवट तोंड उघडलेला तसाच राहिला. मग तेच वाक्य.

"उचकी लागनी का वं तुन्हा नेटले?" माय स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात गार होता.

पुन्हा जोडलं तेव्हा आमचंच प्रकरण पुकारलं जात होतं. मी धावत जाऊन दार लावलं. साहेबांनी ताईचं म्हणणं विचारलं. ती बोलायला लागली. घरी ती पावरी बोलते. मराठी शाळेत शिकलेली, जपून, एकेक शब्द ठेवत बोलायची. दोन वाक्यं झाली असतील, नाना फोन शोधायला आत आले, दार उघडं राहिलं, आणि तिचं तिसरं वाक्य कुठेच पोचलं नाही.

आवाज परत आला तेव्हा साहेब म्हणत होते, "अपीलकर्त्या बाई वारंवार जात आहेत. पुढचं प्रकरण घ्या. यांना शेवटी एकदा पुकारा. नसल्या तर कागदांवर निर्णय."

ताई माझ्याकडे बघत होती. मी दाराकडे.

मी दार लावलं. लॅपटॉपवर नेट. मी दार उघडलं आणि थांबले. थोड्याच वेळात नेट गेलं. पुन्हा लावलं. आलं. दाराचा आणि नेटचा काय संबंध? राउटर तर मधल्या खोलीत, फडताळावर.

आणि दुसरा ओट्यावर.

तो नानांनी लावलेला. शाळा मोबाइलवर भरत होती तेव्हा गल्लीतली मुलं आमच्या भिंतीला टेकून नेट शोधायची. नानांनी जुना राउटर बाहेरच्या भिंतीवर ठोकला, आतून वायर दिली, दोन्हींचा पासवर्ड काढून टाकला. वायफायला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं होतं, घरातल्याचं एक ठेवू, ओट्यावरच्याचं दुसरं. नाना भडकले. आमच्याच गावात चहाच्या टपरीवर काही लोकांसाठी वेगळा कप खिळ्याला टांगलेला त्यांनी पाहिला होता, आणि त्यावर त्यांचं पहिलं पत्रक होतं. "आतलं येगळं नि बाहेरलं येगळं, हाई मन्हा घरमा चालाव नही," ते म्हणाले. मलाही ते पटलं. मी स्वतः दोन्ही राउटरना एकच नाव दिलं.

दोन राउटर, एकच नाव. लॅपटॉपला ते एकच वाटत होतं. पत्र्याचं दार बंद असलं की बाहेरचा अडायचा आणि तो आतल्याला धरायचा. दार उघडलं की ओट्यावरचा जास्त जोरात ऐकू यायचा, मग तो आतल्याला सोडून त्याला धरायला जायचा, आणि या धरसोडीत चालू बोलणं तुटायचं. जुना लॅपटॉप वायरीवर होता, त्याला हे कधी जाणवलंच नाही. फोनवाल्यांचं चालू गाणं जरा अडकायचं, एवढंच.

मी नानांना सांगितलं. एका दमात, तिथेच उभ्याउभ्या.

"म्हनजे बाहेरलं बंद करशी?" ते म्हणाले.

"आत्ता. लगेच."

"तठे ती पोर परीक्षाना अर्ज भरी ऱ्हायनी. दार लाई ले ना."

"दारावर भरवसा नाही, नाना! कोणी ना कोणी उघडतंच. शेवटची पुकार आहे तिची!"

नाना होय म्हणायची मी वाट पाहिली नाही. ओट्यावर जाऊन मी बटण बंद केलं. दिवा विझला.

"ओ ताई! मन्हा फोटो चढी ऱ्हायनता!" अर्ज भरणारी मुलगी ओरडली.

"थोडा वेळ थांब."

"कसाले? आते काय व्हयनं?"

कोणाला तरी बाहेर ठेवल्याशिवाय कोणाला तरी आत घेता येत नाही, हे मी कोणत्याही पत्रकात लिहिलं नसतं. नानाच तिच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. ती धुसफुसत राहिली, पण बसली.

शेवटची पुकार झाली. या वेळी दार उघडं होतं, माय दोनदा आत-बाहेर गेली, ट्रॅक्टर गेले, आणि साहेबांचा चेहरा हलत राहिला.

ताईने सगळं सांगितलं. पाड्यावरचं घर, सासू, कोणत्या झऱ्यावरून पाणी आणते, कोणाच्या घरी नुकतं बाळ झालं, कोणतं मूल वजनाला कमी आहे. साहेब ऐकत होते, मध्ये लिहून घेत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"आता तुम्ही कुठून बोलताय?"

पडद्याच्या कोपऱ्यात तक्रार करणाऱ्या उमेदवाराचा भाऊ बसला होता. तो पुढे वाकला.

"म्हसावदहून," ताई म्हणाली.

"बघा साहेब!" तो भाऊ म्हणाला. "आम्ही काय वेगळं सांगतोय? म्हसावदलाच राहतात त्या!"

मी तोंड उघडलं. माझ्याजवळ चार वाक्यं तयार होती, चारही धारदार. ताईने टेबलाखालून माझा गुडघा घट्ट दाबला आणि लॅपटॉपकडे बघतच राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही बोलावलं फोनवर. पाड्यावर फोन लागत नाही. मी तिथेच राहिले असते तर तुम्ही म्हणाला असता, बाई हजर नाही. खाली आले तर हे म्हणतात, बाई खालची. मी कुठे बसून बोलू ते तुम्हीच सांगा."

पडद्यावर काहीच हललं नाही. मला वाटलं नेट पुन्हा गेलं. मी वाकून पाहिलं; साहेबांची पापणी हलली.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "यांचं म्हणणं नोंदवून घ्या. प्रत्यक्ष पाड्यावर जाऊन पडताळणी करा. आधी न कळवता. तोपर्यंत ही जागा कोणाला देऊ नका."

पडदा बंद झाला. मी टाळी वाजवली, ताईला मिठी मारली. "जिंकलो आपण!"

"कुठे जिंकलो?" तिने मला बाजूला केलं. ती उठून पिशवी भरायला लागली होती. "न कळवता येणार म्हणाले ना. उद्या येतील, परवा येतील. ते पाड्यावर नि मी इथे, असं नको."

"अगं, सासू आहे ना घरी."

"सासू सेविका नाही व्हायची."

माय चहा घेऊन आली. "पोरी, चहा तरी ले. जेवन व्हई जाई."

"नको काकी. जीप भरली की निघते ती."

तिने उभ्यानेच दोन घोट घेतले, जीभ भाजली, कप ठेवला. मी तिच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले. जीप भरत आली होती. ड्रायव्हर मागच्यांना सरकायला सांगत होता. तिला मागच्या फळीवर अर्धी जागा मिळाली. मी म्हटलं, "कोणी आलं की कळव."

"कशावरून कळवू?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. मग जीप धडगावच्या रस्त्याला लागली.