भिंत वाळेपर्यंत

आमच्या रंगाच्या दुकानात उरलेला रंग कोणी फेकत नाही. अर्धा लिटर असो, पाव लिटर असो, झाकण ठोकून डबा मागच्या फळीवर जातो. किस्स्यांचंही तसंच. मी बोलते कमी, त्यामुळे माझी फळी जरा लवकर भरली. लग्न होऊन पाच महिने, दुकानात येऊन तीन, आणि आताच डबे ठेवायला जागा नाही!

दुकान अमरावतीत. मालक शेखरभाऊ. माझं काम म्हणजे गिऱ्हाईकाला शेडकार्ड दाखवायचं, सध्या काय चालतंय ते सांगायचं आणि कॉम्प्युटरवर नंबर टाकून मशीनचं बटण दाबायचं. मशीन पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब रंग सोडतं. एकदा सुटलेला थेंब परत घेता येत नाही. म्हणून बटणाच्या आधी गिऱ्हाईकाची सही, हा शेखरभाऊंचा नियम. 

*

वलगावचे एक काका ट्रॅक्टर घेऊनच आले. दुकानासमोर लावला, लालभडक बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, हाच कलर. चारी भिंती."

मी दबकत म्हटलं, "काका, सध्या एकच भिंत गडद करतात. बाकीच्या तीन फिक्या."

"कावून? बाकीच्या तीन भिंतींनं काय घोडं मारलं?"

सही झाली. मी बटण दाबलं.

आठ दिवसांनी काका परत दारात! या वेळी पायी. आता भांडण होणार म्हणून मी सहीचा कागद आधीच बाहेर काढून ठेवला. काका खुर्चीवर बसले, टोपी काढली, हळूच म्हणाले, "बाई, ते तीन फिक्या भिंतींचं काय म्हणत होत्या तुमी? घरात बसलं का हॉर्न वाजवावा वाटते."

*

अकोल्याला, माझ्या माहेरी, तर सल्ला माझाच होता. दादानं नवा फ्लॅट घेतला. मी म्हटलं, ग्रे कर, सध्या सगळीकडे ग्रे आहे. वहिनीनं मोबाईलमध्ये फोटो दाखवले, पडदे ग्रे, सोफा ग्रे. सगळं जुळून आलं.

पप्पा पहिल्यांदा बघायला आले. चपला काढल्या, हॉलभर फिरले, भिंतीवरून तळवा फिरवला. आम्ही तिघं त्यांच्या मागे मागे.

"प्लास्टर मस्त झालं," पप्पा म्हणाले. "रंगवाले कधी येऊन राह्यले?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. वहिनीनं दादाकडे पाहिलं. खरं सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. पप्पा अजूनही दर रविवारी फोन करून विचारतात, "भेटला का रंगवाला?"

*

हा किस्सा अकोल्याहून अमरावतीला माझ्या सासरी माझ्याआधी पोचला.

जेवताना सासरे म्हणाले, "अकोल्याची भिंत ऐकली आमी."

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते आवाज चढवत नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

"महालक्ष्म्यांच्या आधी हॉल रंगवाचा हाय. रंग तू निवड. जमला तं दुकान चालू ठेव. नाई जमला तं..."

एवढं बोलून त्यांनी वरण पुढे ओढलं. वाक्य पूर्ण करायची गरज नव्हती. माझा नवरा अमोल पाणी प्यायला लागला आणि बराच वेळ पीतच राहिला.

मला ती नोकरी हवी होती. का, ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दिवसातले आठ तास कुणीतरी मला विचारतं, "मॅडम, तुमाले काय वाटते?" एवढंच.

*

आधी वॉलपेपर मनात आला. मग अकोटचे एक गिऱ्हाईक आजोबा आठवले. नातवानं हौसेनं त्यांच्या खोलीत केळीच्या मोठ्या मोठ्या पानांचा वॉलपेपर लावला होता. आजोबा एस.टी.नं थेट आमच्या दुकानात आले.

"हे काढून द्या."

"आजोबा, सध्या मोठी पानंच चालतात."

"चालत असन. पण रोज सकाळी डोळे उघडले का मले वाटते, केळीले पाणी द्याचं राह्यलं!"

वॉलपेपर रद्द. गडद भिंत रद्द. ग्रेचं तर नावच नको. मी साधा, उबदार क्रीम निवडला. शेखरभाऊंनी माझ्यापुढेही सहीचा कागद सरकवला. "नियम म्हणजे नियम, मॅडम."

*

रंगवायला सलीमचाचा आले. तीस वर्षं भिंतींसमोर उभं राहिलेला माणूस. घाबरलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला त्यांचं एकच वाक्य: "गीला रंग झूठ बोलता है. सूखने दो, फिर बोलो."

दोन दिवसांवर महालक्ष्म्या, बाहेर पावसाची रिपरिप आणि भिंत ओली. पहिला हात मारून झाला तशा सासूबाई बादलीत डोकावल्या.

"हा पांढरा हाय?"

"क्रीम आहे, आई."

"मळकं दिसते, बाप्पा! आमच्या इकडे महालक्ष्म्यांच्या आधी चुना मारत. चुन्यात नीळ टाकली का भिंत कशी, बगळ्यावानी!"

मी नुसती हसले. शुक्रवार होता. चाचा नमाजाला गेले, मी दुकानात गेले. घरात राहिल्या सासूबाई आणि बादली.

संध्याकाळी आले तेव्हा दुसरा हात संपत आला होता. चाचा भिंतीकडे मान वाकडी करून बघत होते. "जरा अलग लग रहा है," ते पुटपुटले. मग स्वतःलाच समजावलं, "गीला है. झूठ बोल रहा है."

*

सकाळी भिंत वाळली आणि खरं बोलली.

क्रीमचा पत्ता नव्हता! चवळीच्या कोवळ्या शेंगेवर धूळ बसावी तसा फिकट हिरवट रंग, चारी भिंतींवर.

"बेटा, मशीन गलत चला क्या?" चाचांचा चेहरा उतरला होता.

मी डब्याचं झाकण पाहिलं. नंबर बरोबर. बादली वाकडी केली. तळाशी निळे कण चिकटले होते. स्वयंपाकघरात सासूबाई कणीक भिजवत होत्या. त्यांच्या उजव्या हाताची नखं निळी. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. त्यांनी हात मनगटापर्यंत कणकेत घातला.

तेवढ्यात बाबा हॉलमध्ये आले.

"हे क्रीम हाय?"

सहीचा कागद माझ्या पर्समध्ये होता, नंबरासकट. एक वाक्य बोलले असते तर माझी सुटका होती. स्वयंपाकघरात कणीक मळायचा आवाज थांबला होता.

"क्रीम बदलला, बाबा," मी म्हटलं. "सध्या हाच चालतो."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि ब्रश धुवायला निघून गेले. बाबांनी भिंतीवर बोट ओढून बघितलं. "पाहुणे काय म्हणते ते पाहू."

*

महालक्ष्म्यांच्या जेवणाला चाळीस पानं. मी आंबील वाढत होते आणि कान भिंतीला लावलेले. पहिल्या पंगतीत अकोटच्या आत्या, बाबांच्या थोरल्या बहीण. बाबा जगात फक्त त्यांनाच घाबरतात.

आत्यांनी एक घास घेतला, भिंतीकडे पाहिलं. दुसरा घास, पुन्हा भिंत. बाबांची पुरणपोळी हातातच राहिली.

"सुधाकर, हा रंग कोणं निवडला?"

बाबांनी माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट केलं. "सुनेनं."

मी आंबिलीचं भांडं खाली ठेवलं.

"वो पोरी," आत्या म्हणाल्या, "नंबर लिहून दे मले. दिवाळीले मले हाच पायजे. किती थंड वाटते पाहाले!"

लगेच शेजारच्या काकू म्हणाल्या, "मलेही!" बाबांनी पोळीवर आणखी एक चमचा तूप मागितलं.

स्वयंपाकघरात डाव खाली पडल्याचा आवाज आला. नंबर! नंबर होता कुठे?

*

महालक्ष्म्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मी दुकानाची तयारी न करता ओट्यापाशीच घुटमळत होते. निकाल कोणी सांगितलाच नव्हता. पेपरमागून बाबांचा आवाज आला.

"दुकान उघडत नाई का आज?"

मी पाच मिनिटांत तयार झाले. सासूबाईंनी डबा हातात दिला. लगेच पाठमोऱ्या झाल्या.

दुकानात शेखरभाऊ वाटच बघत होते. "मॅडम, अकोटहून तुमच्या आत्याचे तीन फोन आले. नंबर विचारून राह्यल्या. कोणता टाकू?"

"जेवून सांगते," मी म्हटलं. दुसरं सुचेना.

दुपारी डबा उघडला. पोळ्यांच्या वर प्लास्टिकच्या पिशवीत निळीच्या दोन पुड्या, आणि वहीच्या पानाची चिठ्ठी, सासूबाईंच्या गोल अक्षरात:

"एका बादलीले दोन. आधी लोट्यात भिजवाच्या. पण बादली तुह्या क्रीमचीच पायजे."