तिसरी हाक

ऑस्ट्रेलियाचं सगळं ठरलं होतं. कॅरव्हान भाड्याने घ्यायची, द्राक्षांच्या मळ्यांमधून आठवडाभर भटकायचं, संध्याकाळी मळ्याच्या कडेला गाडी लावून तिथेच झोपायचं. नवऱ्याने इतके व्हिडिओ पाहिले होते की तिथले रस्ते त्याला आमच्या इथल्या, आखातातल्या वादी अदाईच्या रस्त्यांपेक्षा जास्त पाठ झाले होते. मग त्याच्या ऑफिसने रजा कापली, आणि त्याच सुमारास रत्नागिरीहून सासूबाई आल्या. एवढा लांबचा विमानप्रवास त्यांना पुन्हा झेपणारा नव्हता. काही दिवस तोंड पाडून बसल्यावर एका संध्याकाळी नवरा खुशीत घरी आला.

"द्राक्षं इथेही आहेत. जबल अखदरला, डोंगरावर. आणि कॅरव्हानपण मिळते!"

कॅरव्हान म्हणजे निघाली चार दारांची पिकअप, पाठीवर एक खोली बसवलेली. खोलीत बंक, शेगडी, हात धुवायचं भांडं. आत एकाला वळायचं असेल तर बाकीच्यांनी बसून घ्यायचं. मी नाक मुरडलं, पण गेले. वाटेत निझव्यात थांबून खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या, आणि हलवा घेतला, डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांनी गाडी फोर-व्हील आहे ना ते पाहून सोडलं, आणि चढ लागला तसे कानांत दडे बसले, हवा गार होत गेली.

त्या चढावर सासूबाईंनी नातीला तो नियम सांगितला. परक्या गावात तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. "दोन हाका त्याला मारता येतात गो. तिसरी फक्त आपलं माणूस मारतं."

"त्याला म्हणजे कोणाला?" मुलीने विचारलं.

"ते विचारायचं नाही."

"इज इट अ रूल, आजी?"

"रूलच."

माझी मुलगी चौथीत. तिचं मराठी अडखळत चालतं, पण नियम म्हटला की तो तिला शाळेतल्यासारखा लागतो; एकदा लागला की सुटत नाही. मला हसू आलं आणि रागही आला. "अहो आई, रात्री बाथरूमला एकटी जायची नाही ती आता," मी म्हटलं.

माझ्या आवाजाबद्दल इथेच सांगून टाकते. तो बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध आहे. मी मुलीला अभ्यासाला बसवते तेव्हा खालच्या मजल्यावरची मुलंही बसतात. प्रेम नाही असं कोण म्हणेल, पण ते मी डबा भरण्यात आणि ताप मोजण्यात दाखवते. तोंडात मात्र "कार्टे" असतं.

वर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. रस्ता जिथे संपत होता तिथेच गाडी लावली. खाली दरीत एक सोडून दिलेलं गाव होतं. दगडमातीची घरं दोन्ही उतारांवर एकमेकांकडे तोंड करून उभी, छपरं बसलेली, खिडक्या रिकाम्या. माणसं कधीच वरच्या नव्या वस्तीत गेलेली. पण मधल्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा हिरव्यागार होत्या. डाळिंबं लालसर झाली होती आणि मांडवांवर द्राक्षं लोंबत होती. नवरा चहा टाकायला थांबला, सासूबाईंचे गुडघे पायऱ्यांना तयार नव्हते. आम्ही दोघी खाली उतरलो.

तिथली शांतता मला आवडली नाही. वेलींची छाटणी ताजी होती, आळी नुकतीच भिजलेली होती, आणि माणूस एक दिसत नव्हता. फलजचं पाणी, म्हणजे आपल्याकडच्या पाटासारखं, दगडी चरातून वाहत होतं. बघता बघता ते आमच्या बाजूचं थांबलं आणि पलीकडच्या चरात वळलं. कुणीतरी वर बोळा काढून दुसरीकडे लावला असणार, हे मलाही कळत होतं. तरी मी उगाच म्हणाले, "अस्सलाम आलेकुम!" उत्तर आलं नाही.

तेवढ्यात मुलीने एक घड तोडला.

"लोकांच्या बागेत हात घालतेस? अक्कल कुठे ठेवलीस, कार्टे!" मी असं खेकसले की तिच्या हातून घड खाली पडला. मी चिडून पाठ फिरवली, वळलेलं पाणी बघत उभी राहिले. पुन्हा वळून पाहते तर ती नव्हती.

वरच्या वस्तीतून मगरीबची अजान ऐकू आली आणि दरीतला उजेड भराभर ओसरायला लागला. चराच्या टोकाला पाणी साठवायची टाकी होती, खोल, कठडा नसलेली. मी धावत जाऊन वाकून पाहिलं. पाणी काळं आणि स्थिर होतं. तिला उगाच बोलले, एका घडासाठी. आणि त्या घरांसमोर मोठ्याने ओरडायची मला कशी कोण जाणे भीती वाटली. मी हळूच, जितकं जमेल तितक्या मायेने हाक मारली.

"बाळा... ये गं."

समोरच्या उतारावरच्या घरांमधून हाक परत आली. ये गं. आवाज माझाच होता, पण माझ्यापेक्षा जास्त लाघवी, जरा उशिराने आलेला, एखाद्या बाईने दारात येऊन बोलवावं तसा. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा तीच तिकडून बोलली. मग सगळं गप्प झालं. पाण्याचासुद्धा आवाज नाही. आणि त्या भीतीतूनच माझा खरा आवाज फुटला.

"कुठे मेलीस गं कार्टे! बाहेर ये आधी!"

"ओ, आई!"

ती माझ्यापासून दोन हातांवर होती. मांडवाखालच्या बुटक्या भिंतीमागे, अंग चोरून, तोंडावर दोन्ही हात दाबून बसलेली. धावत येऊन माझ्या कमरेला घट्ट बिलगली.

"हळू बोल. शी इज देअर," समोरच्या घरांकडे बोट करत ती कुजबुजली. "त्या बाईने मला दोनदा बोलवलं. मी ओ नाही दिली. आजीचा रूल."

"अगं वेडे, मीच होते ती. आवाज घुमतो इथे."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला माझी कीव आल्यासारखं मला वाटलं.

"नाही आई. ती खूप प्रेमाने बोलवत होती."

मी तिचा हात धरून पायऱ्या चढायला लागले. मागे पाणी परत आमच्या बाजूच्या चरात वळल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

वर नवऱ्याला सांगितलं, लपून बसली होती. सासूबाईंनी मात्र आमच्या दोघींची तोंडं पाहिली, आणि काही न विचारता मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन मुलीवरून उतरवल्या. एरवी मी हसले असते. त्या दिवशी म्हटलं, माझ्यावरूनही उतरवा.

मग मी शेगडीवर खुबूस गरम करायला घेतले. मुलगी वरच्या बंकवर पडून काहीतरी गुणगुणत होती. माझा जीव तिच्यासाठी कासावीस झाला होता. आज तरी तिच्याशी नीट बोलायचं, असं ठरवून मी तसंच हळूच म्हणाले, "बाळा, जेवायला ये गं."

गुणगुणणं थांबलं.

"बाळा."

वर काहीच हाललं नाही. तिने श्वास रोखून धरलेला मला जाणवत होता. सासूबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मार की गो तिसरी."

तिसरीही ऐकून ती गप्प राहिली तर काय करायचं, तेच मला कळेना. मी चिमटा शेगडीवर आपटला.

"कार्टे, गार होतंय सगळं! उतरतेस की येऊ वर?"

"आले गं आई!" ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.