दसऱ्याआधी काढलेल्या बल्ल्या

डॉक्टरांनी माझ्या डाव्या पायाचा अंगठा धरून हळूच वर वाकवला आणि मी असा ओरडलो की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"हे जिन्यावरून पडल्याचं दुखणं नाही," डॉक्टर म्हणाले. "खरं सांगा. पाय कशाखाली दबला होता? आणि किती वेळ?"

आमच्या साइटचा मॅनेजर माझ्या उशाशी उभा होता. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला, "सांगितलं ना डॉक्टर, घरच्या जिन्यावरून पडले."

"आम्ही तळमजल्यावर राहतो," माझी बायको सुलभा म्हणाली.

डॉक्टर वसईचेच, गावातले. आवाज चढवायची सवय नसलेला माणूस. त्यांनी मॅनेजरकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, "याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. पोटरीचे स्नायू घट्ट पिशव्यांत बसवलेले असतात. जबर दाब पडला की ते आतून सुजतात, पिशवी काही सैल होत नाही, मग रक्त पुढे जात नाही. वरून कातडी बरी दिसते आणि आत मांस मरत असतं. लघवी कशी होतेय?"

"काळ्या चहासारखी," सुलभानं सांगितलं.

"म्हणजे मेलेल्या स्नायूंतलं विष किडनीत उतरतंय. जिन्यावरून पडलात असं धरून मी उपचार केले तर पाय जाईल, कदाचित तुम्हीही. आणि तुम्ही खरं सांगितलंत तर मला एमएलसी करावी लागेल." एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायचं, ते येऊन जबाब घेणार. "ठरवा. पण लवकर."

पोलिसांचं नाव ऐकून मी मॅनेजरकडे बघितलं. कारण पोलीस आले की पहिला मीच आत जाणार होतो.

"स्लॅबखाली," मी म्हणालो. "गॅलरीच्या. अकरापासून एक वाजेपर्यंत."

मॅनेजर तडक बाहेर पडला, शेठला, म्हणजे आमच्या बिल्डरला, फोन लावायला.

मी साइट सुपरवायझर. नालासोपाऱ्याहून राजोडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आमची बिल्डिंग उभी राहत होती. नव्वदीच्या शेवटचे दिवस ते, तिकडे भाताच्या शेतांत रातोरात प्लिंथ, बिल्डिंगांचे जोते, उगवायचे. दुसऱ्या दिवशी दसरा होता. दसऱ्याला आमच्याकडे लोक सोनं घ्यायच्या आधी फ्लॅट बघायला येतात. शेठ सकाळी येऊन म्हणाला, "पुढून नुसतं बल्ल्यांचं जंगल दिसतंय. गिऱ्हाईक काय बघणार? काढून टाका. तोरण लावायचंय."

बल्ल्या म्हणजे स्लॅब वाळेपर्यंत त्याला खालून दिलेले लाकडी टेकू. खोलीचा स्लॅब चारी बाजूंनी बीमवर टेकलेला असतो. गॅलरी एकाच बाजूनं धरलेली, बाकी अधांतरी. म्हणून तिच्या बल्ल्या सगळ्यात शेवटी काढतात. आमची गॅलरी भरून नऊच दिवस झाले होते. हे मला माहीत होतं. मूर्ख असतो तर एक वेळ मनाची समजूत घातली असती, पण मला पक्कं माहीत होतं, आणि मी शेठला "हो" म्हणालो.

सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबचा साचा नि टेकू बांधणारा, मिस्त्री लालजी. गोरखपूरकडचा, वयानं माझ्याएवढाच. तो म्हणाला, "साब, अंदर का सब निकालता हूं. गॅलरी का मत निकालो."

मी दहा माणसांसमोर त्याच्या अंगावर धावून गेलो. "तू इंजिनिअर आहेस का रे? काढ म्हटलं की काढायचं!" माझा आवाज साइटवर प्रसिद्ध होता आणि मला त्याची मिजास होती. लालजीनं हातोडा उचलला. त्याला घाबरट ठरवायला मी स्वतः त्याच्यासोबत गॅलरीखाली उभा राहिलो.

शेवटून दुसरी बल्ली निघाली आणि डोक्यावर कडाड् असं काहीतरी तुटलं. गॅलरी भिंतीतून दुमडून खाली आली. लालजीच्या छातीवर आणि माझ्या पायावर.

तोंडात सिमेंट, वाळू, रक्त. लालजीचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याला ओरडता येत नव्हतं, छातीत हवाच शिरत नव्हती. नाकातून लाल फेस येत होता. त्यानं माझं मनगट धरलं आणि नखं अशी रुतवली की रक्त निघालं. किती वेळ कोण जाणे. मग बोटं सैल पडली.

वर माणसं पहारी घालत होती. एकदा स्लॅब वीतभर उचलला गेला आणि पहार सटकली. तो पुन्हा त्याच पायावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. मी एकेकाच्या आईबहिणीचा उद्धार केला, ज्या लोकांचे हात मला काढताना सोलवटले होते त्यांच्याच. शेवटी कुठून तरी ट्रकचा जॅक आणला तेव्हा मी निघालो.

मला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. केसपेपरवर मॅनेजरनं लिहायला लावलं, घरी जिन्यावरून पडले. आमच्या धंद्यात तो रिवाजच होता. आमची माणसं साइटवर कधी पडायचीच नाहीत. ती घरी पडायची, रस्त्यात पडायची, बाथरूममध्ये घसरायची. याआधी दोघांना मीच असं घेऊन गेलो होतो, मीच सांगितलं होतं. त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडानं करणार? तिथल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, बारीक फ्रॅक्चर दिसलं, प्लास्टर घातलं. जे सांगितलं त्यावर त्यांनी उपचार केले. पाच वाजेपर्यंत मी दातांनी उशी फाडत होतो. सुलभानं माझी काळपट पडलेली बोटं बघितली, कोणाला न विचारता गाडी बोलावली आणि वसईला आणलं. तिथे आल्या आल्या प्लास्टर कापलं.

म्हणून तुम्हाला सांगतो. प्लास्टर घातल्यावर दुखणं उतरायच्या ऐवजी चढत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, बोट हलवलं की जीव जात असेल, तर सकाळची वाट बघू नका. प्लास्टर कापायला लावा, भांडण करा. आणि दुखापत कशी झाली ते डॉक्टरला खरंच सांगा, मग बाहेर कोणीही उभं असो.

त्याच संध्याकाळी माझी फॅशिओटॉमी झाली. म्हणजे पोटरीच्या दोन्ही बाजूंनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चिरून त्या पिशव्या मोकळ्या करायच्या. जखमा शिवत नाहीत, उघड्याच ठेवतात. दसऱ्याच्या दिवशी शुद्धीवर आलो तर खाली पट्ट्यांचं गाठोडं. पाय आहे की नाही हे सुलभाला विचारायची हिंमत होईना.

"आहे," ती आपणहून म्हणाली.

एक दिवसाआड ड्रेसिंग. डॉक्टर चिमट्यानं स्नायू दाबायचे. जिवंत असेल तर तो उडतो, मेलेला असेल तर गप्प राहतो. गप्प राहिलेलं कात्रीनं कापून ट्रेमध्ये टाकायचे. कच्च्या मटणासारखा माझाच पाय समोर. इंजेक्शन देऊनही मी दोन वॉर्डबॉयना लाथा घातल्या आणि एकाला चावलो. त्यातलाच एक रोज माझी दाढी करायचा. त्याच्यासमोर आजही मान खाली जाते.

चौथ्या दिवशी लघवी पिवळी झाली. सुलभा ती बाटली हातात धरून नर्सला दाखवत सुटली, एखाद्या पोराचा निकाल लागावा तशी. किडन्या वाचल्या. पुढे मांडीची कातडी काढून पोटरीला लावली. पाऊल वर उचलणारा स्नायू मात्र गेला, म्हणून आज बुटात पट्टा लावून चालतो.

सहाव्या दिवशी हवालदार जबाबाला आला. मी गुंगीत होतो, नंतर येतो म्हणून गेला. त्याच दुपारी मॅनेजर खुर्ची ओढून बसला.

"सावंत, आता स्लॅब पडला हे तर लपत नाही. पण मिस्त्रीनं आपल्या मनानं बल्ल्या काढल्या, एवढंच म्हणायचं. तो काय सांगायला येणार आहे? नाहीतर निष्काळजीपणानं मृत्यू, तीनशे चार अ. पहिले तुम्ही आत. तुमच्या मुलींचं काय?"

मी सुलभाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, "बरं." त्या वेळी लाजही वाटली नाही. सुटलो असंच वाटलं.

दोन दिवसांनी दारात एक माणूस उभा राहिला. तिशीचा, डोकं भादरलेलं, हातात अर्धा डझन केळी. लालजीचा धाकटा भाऊ. गावाहून आला होता. मॅनेजरनं त्याला सगळं समजावून सांगितलेलं असावं, कारण तो सरळ आला, केळी ठेवली आणि माझ्या पट्ट्यांवर डोकं टेकलं.

"साब, हमारे भैया से गलती हो गई," तो म्हणाला. "आपका पैर चला गया. उनको माफ कर दीजिए. मरे हुए आदमी पे गुस्सा मत रखिए."

त्याच्या कपाळाचा भार जखमेवर पडला होता. भयंकर दुखत होतं. मला त्याला उठ म्हणवेना. त्याच्या मेलेल्या भावासाठी तो माझी माफी मागत होता, आणि मी "माफ केलं" म्हणालो असतो तर तो समाधानानं गावी गेला असता. शब्द ओठांवर आलेही होते.

"त्याची गलती नाही," मी म्हणालो. तो तसाच वाकलेला. मी हिंदीत ओरडलो, "गलती उसकी नहीं! वो मना कर रहा था. मैंने गाली देके निकलवाया!"

तो सरळ झाला. मग त्यानं माझ्या तोंडावर ठोसा मारला. दुसरा. तिसरा सरळ पायावर. सलाइनचा स्टँड माझ्या अंगावर आडवा झाला. नर्स किंचाळली, वॉर्डबॉय धावले, त्याला भिंतीशी दाबून धरलं. सुलभा जागची हलली नाही. नंतर तिला विचारलं, का गं, मला सोडवायला नाही आलीस? म्हणाली, "मला त्याला अडवता येईना हो."

जबाबासाठी परत आलेला हवालदार खालीच होता, गोंधळ ऐकून तो वर आला. "कोणी मारलं? लिहू का तक्रार?"

"तक्रार नाही," मी म्हणालो. ओठ फाटला होता, नीट बोलता येत नव्हतं. "जबाब घ्या माझा. आणि त्याला सोडा, बसू दे इथेच."

मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. शेठ काय म्हणाला, लालजी काय म्हणाला, मी काय म्हणालो. पुढे अटक झाली, जामीन झाला, वसई कोर्टाच्या पायऱ्या वर्षानुवर्षं कुबडीवर चढलो, शिक्षाही भोगली. तो सगळा त्रास खराच. पण त्या डॉक्टरांनी मला खरं बोलायला लावलं नसतं तर पाय गेलाच असता, आणि मी माणूस म्हणून कोण झालो असतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांचे उपकार नुसत्या पायापुरते नाहीत.

लिहून झाल्यावर हवालदारानं सही घेण्याआधी जबाब वाचून दाखवला. "मयत लालजी हा बल्ल्या काढण्यास नकार देत असताना मी त्यास शिवीगाळ करून भाग पाडले." सुलभानं ते वाक्य लालजीच्या भावाला हिंदीत सांगितलं.

तो भिंतीशी फरशीवर बसला होता. त्यानं डोळे पुसले आणि हवालदाराला म्हणाला, "एक बार और पढ़िए, साब."