त्रिकोणातली दीर्घिका आणि धानोऱ्याचा अंधार

नवापूरला माझ्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. तिचं छत रुळांवरून मागे सरकतं. गावातल्या वेल्डरनं ते तीनदा खोलून पुन्हा बसवलं, तेव्हा कुठे ते न अडकता सरकू लागलं. आत दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा आणि एक जुना लॅपटॉप. दिवसा मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि हिवाळ्यात संध्याकाळी दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारकाविश्वांचे, फोटो काढते. एकाच दीर्घिकेचे शेकडो फोटो घ्यायचे, ते संगणकावर एकावर एक रचायचे, मग कुठे तिचा फिकट उजेड वर येतो.

माझी अडचण एकच होती. कुंपणापलीकडे कोंबड्यांची शेड. पिलांसाठी तिथे रात्रभर दिवे जळतात, त्यामुळे पश्चिमेचं आभाळ दुधाळ होतं. तेजस्वी दीर्घिका त्यातूनही मिळायच्या. पण त्रिकोण तारकासमूहातली ती मोठी, पसरट, अगदी मंद दीर्घिका काही केल्या नीट येत नव्हती. सलग दोन हिवाळे मी तिच्या मागे होते. मधला गाभा यायचा, पण त्याभोवती वळसे घेणारे ताऱ्यांचे पट्टे, म्हणजे दीर्घिकेचे हात, मिळायचे नाहीत, नुसते करडे दाणे.

मी मोठी दुर्बीण घेतल्यावर जुनी वहिनीला दिली. वहिनी म्हणजे धानोऱ्याला आमच्या घरी असलेली माझ्या भावाची बायको. ती नाशिककडची, बी. फार्म. झालेली. गावात तिचं मेडिकलचं दुकान आहे. दिवाळीत माझ्याकडे आली होती, तेव्हा लॅपटॉपवरचे फोटो बघत बसली आणि म्हणाली, "ताई, ही जुनी पडूनच असते ना? मला द्याल?" मी आनंदानं दिली. कॅमेरा कसा जोडायचा, फोटो कसे रचायचे, सगळं फोनवर शिकवलं. कुणीतरी मला गुरू मानतंय याचं मला फार बरं वाटत होतं.

मग एका सकाळी घरच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. तीच दीर्घिका, त्रिकोणातली. दोन्ही हात पूर्ण उलगडलेले, त्यांच्यात गुलाबी ठिपके, म्हणजे जिथे नवे तारे जन्मतात ते ढग. माझ्या जुन्या दुर्बिणीतून. खाली भावाचे, काकूंचे, सगळ्यांचे अंगठे आणि हार.

मी स्टाफरूममध्ये होते. तो फोटो मोठा करून मी खोट शोधू लागले. एका कोपऱ्यातले तारे किंचित ओढल्यासारखे होते. मला बरं वाटलं. मी लिहिलं, "छान. कोपऱ्यातले तारे बघ, कॅमेरा आणि दुर्बिणीतलं अंतर चुकलंय." तिनं लगेच जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, कॅमेरा आणि दुर्बिणीच्या मध्ये एक पातळ चकती घातली आणि त्याच आठवड्यात नवा फोटो टाकला. त्यात कोपरेही स्वच्छ होते. आता बोलायला काहीच उरलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या शनिवारी मी धानोऱ्याला गेले. जेवणं झाल्यावर वहिनी मागच्या खळ्यात गेली. मी थोड्या वेळानं गेले आणि दारातच थांबले. दुर्बिणीजवळ खाटेवर आबा बसले होते, माझे वडील. अंगावर घोंगडी, कानाला मफलर. खळ्याचा मोठा दिवा बंद. शेजाऱ्यांचाही बंद.

"शेजारना दिवा कोणी बंद कया?" मी विचारलं.

"मी सांगं त्याले," आबा म्हणाले. "सून फोटू काढी ऱ्हायनी, तिले अंधार लागस."

वहिनी हसली. "आबा रोज बसतात माझ्याबरोबर. ढग आला की माझ्याआधी त्यांनाच कळतं."

नवापूरची खोली बांधली तेव्हा मी आबांना किती वेळा बोलावलं होतं. गुडघा दुखतो, गाडीत गर्दी असते, काही ना काही कारण असायचं. आणि इथे ते थंडीत कुडकुडत बसत होते, सुनेसाठी. फोटोचा हेवा मी कसाबसा गिळला असता. हा गिळवत नव्हता.

वहिनी चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी म्हटलं, "आबा, मन्हाकडे तुम्ही एकदा बी उनात नही."

त्यांनी कानावरचा मफलर नीट केला. मग म्हणाले, "तू ल्हान व्हती, अंगणमा आभाय देखत बसे. मीच तुले हात धरीसन घरमा लई जाऊ. पोरीसनी जातले बाहेर बसानं नही म्हने. आते कोणतं तोंड लिसन येऊ?"

मला ते आठवत होतं. त्यांनाही आठवत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांच्या पायांवरची घोंगडी नीट केली, पण मन काही हलकं झालं नाही. वहिनी कप घेऊन आली, तेव्हा आबांनी आधी तिच्यासाठी खाटेवर जागा केली, हेही मी पाहिलं.

निघताना वहिनी म्हणाली, "ताई, तुमची दुर्बीण मोठी, गाभा तुमचा सुंदर येतो. हात माझ्याकडे येतात. दोघींचे फोटो एकत्र रचायचे?" मी म्हटलं, बघू. महिनाभर बघितलं नाही. मग एका रविवारी तिच्या फायली उतरवून घेतल्या आणि रचल्या. तसा फोटो आम्हा दोघींपैकी एकटीला कधीच मिळाला नसता. खाली नावं घालताना मी आधी माझं घातलं.

संक्रांतीनंतर आबा खरोखरच नवापूरला आले, भावाच्या गाडीतून. काळोख पडल्यावर मी छत सरकवलं, त्यांना खुर्ची दिली, पडद्यावर दीर्घिका आणली. आबा वाकून बघत राहिले. मग कुंपणापलीकडच्या शेडकडे बघून म्हणाले, "आठे उजेड भलता शे, माय. धानोराले बरी दिसस."

"हो," मी म्हटलं, आणि पडद्याचा उजेड जरा वाढवला.