कानात सांगितलेलं दुसरं नाव

आयान्थी यांचं सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्न इथे राहत्या घरी निधन झालं. त्या मूळच्या ग्रीक, त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हतं. एकोणीस वर्षं त्या आमच्या शेजारी राहिल्या, आणि टाउनहाऊसच्या आमच्या रांगेतली सगळी मराठी मुलं त्यांना आत्या म्हणत.

हे नातं जुळलं ते आमच्या मुलीच्या, जाईच्या बारशाला. माझ्या नणंदेचा व्हिसा नाकारला गेला होता. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्याच नाही. माझा नवरा मंदार म्हणाला, "व्हिडिओ कॉल करू." नागपूरहून आलेली माझी आई म्हणाली, "जावईबापू, मोबाइल पाळण्यात निजवता का?" तेवढ्यात आयान्थी घरी केलेल्या बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आईने तिथल्या तिथे ठरवलं, "हिलाच करू आत्या."

त्यांना समजावलं: वाकायचं, कानात 'जाई' म्हणायचं, त्या वेळी बायका 'कुर्रर्र' करत पाठीवर धपाटे घालतील. "धपाटे कशासाठी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ते आम्हालाही माहीत नाही, पण चुकवता येत नाहीत." त्या वाकल्या, नाव सांगितलं, मग पुन्हा वाकल्या. दुसऱ्यांदा काय सांगितलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं. "आधी विचारायला हवं होतं..." ग्रीकमध्ये 'इऑन' म्हणजे व्हायोलेट, 'आन्थोस' म्हणजे फूल, त्या भाषेतल्या जुन्या कथांत या नावाची एक जलकन्याही आहे. त्यांच्या घराण्यात आजीचं नाव नातीला ठेवत. त्यांना ते आजीकडून मिळालं होतं, आजीला तिच्या आजीकडून. "माझ्यानंतर कुणी नाही," त्या म्हणाल्या. मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "पाळण्यातली नावं चार-चार असतात. आणि कानात गेलेलं नाव परत काढता येत नाही, सांग तिला."

जन्मदाखल्यावर मात्र आपल्या रीतीप्रमाणे जाईच्या नावापुढे वडिलांचं नाव लागलं. आयान्थींनी तो विषय पुन्हा काढला नाही. आम्ही दोघंही ऑफिसात असायचो; शाळेच्या बसमधून उतरून जाई त्यांच्याकडे जायची, ती बारा वर्षं. आभार मानायला गेलं की म्हणायच्या, "मी त्यासाठी धपाटे खाल्लेत."

निधनाच्या चार दिवस आधी जाई त्यांच्या पलंगाशी बसली होती. अठरा पूर्ण होताच तिने कोर्टात नाव बदलण्याचा अर्ज केला होता.

"आत्या, ऑलरेडी फाइल केलंय. तुझं नाव मधे टाकतेय."

"वडिलांना विचारलंस?"

"बाबाच ड्राइव्ह करून घेऊन गेला."

त्या म्हणाल्या, "आता जन्मभर सगळ्यांना स्पेलिंग सांगत बस."

कोर्टाचा आदेश त्यांच्या निधनानंतर तीन आठवड्यांनी टपालाने आला. त्यावरचं नाव असं आहे: जाई आयान्थी मंदार देशपांडे.