रणरागिणींच्या पुस्तकातली तानाबाई

बेचाळीसच्या चळवळीत तळवड्याच्या पाच बायका भाजीच्या पाटीत बंदुकीची दारू लपवून भूमिगतांना पोचवायच्या. एकदा तानाबाईच्या पाटीतली दारू भडकली आणि तिचा अर्धा चेहरा जळाला. तशा अवस्थेत पोलिसांनी तिला बडवून काढली, पण बाकी चौघींची नावं काही तिनं सांगितली नाहीत.

स्वातंत्र्य आल्यावर काही वर्षांनी पुण्याहून अर्जुनराव आला. तो मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. या पाचजणींवर चित्रकथा काढायची, म्हणाला. तानाबाईनं त्याला पिठलं-भाकरी वाढली, सगळं सांगितलं. त्यानं तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि दुपारभर निरखून चित्र काढलं. तिच्या नवऱ्यानंही जळाल्यापासून तिच्याकडे इतकं पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती तोंडावर पदर न ओढता विहिरीवर गेली.

पुस्तक आषाढात आलं. चार गोऱ्यापान तरुणी तिरंगी लुगडी नेसून आभाळात उडत होत्या, सोजिरांच्या बंदुका हिसकावत होत्या. तानाबाई त्यांत नव्हती. ती होती शेवटच्या पानांवर. जळक्या तोंडाची, मैत्रिणींना इंग्रजांच्या हवाली करणारी फितूर बाई.

पोरं तिच्यामागं ‘फितूर, फितूर’ करत धावू लागली. विहिरीवरच्या बाया तिला पाहून बाजूला सरू लागल्या. ती तडक पुण्याला गेली. अर्जुनरावानं तिला बसवलं, चहा पाजला.

"रणरागिणी देखण्याच लागतात, बाई," तो समजुतीनं म्हणाला. "आणि फितुराचा असा चेहरा नुसत्या कल्पनेनं काढता येत नाही."

तिथून ती थेट कुशाबाईकडे आली. कुशाबाई त्या चौघींतली. तिच्या भिंतीवर पुस्तकाचं मुखपृष्ठ डकवलं होतं. गावाला खरं काय ते सांग, एवढंच तानाबाईनं मागितलं. कुशाबाई बराच वेळ दळण निवडत राहिली.

"तुझं समदं खरं हाय," ती शेवटी म्हणाली. "पर पोरं आता माज्या पाया पडत्यात, तानी. आजवर मला कुणी इचारलं न्हवतं."

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाचा मान कुशाबाईला मिळाला. तानाबाई कुंपणाबाहेर उभी राहिली. पोरांतून एक दगड आला नि तिच्या कपाळावर बसला. दोरी हातात धरून उभ्या असलेल्या कुशाबाईनं ते पाहिलं. मग तिनं मान वर केली आणि झेंड्याला नमस्कार केला.