पदरावरून वळख

"नाव काय की हिचं! पदर झाडू दे, मग वळखतो."

मालक असं म्हणला आन हसला. सरकारी साहेब बी हसले. भरल्या कचेरीत.

आमची आळंदची डाळीची गिरणी बंद पडली होती. आफ्रिकेची, बर्म्याची तूर जहाजानं यायलीय, तिकडं बंदरावरच तिची स्वस्त डाळ व्हायलीय. मग आमच्या गिरणीला कोण विचारतंय? बाहेरच्या मालामुळं ज्यांचं काम गेलं त्यांना सरकार मदत देणार, असं कळलं. पर ही बाई माझ्याच गिरणीची, असं मालकानं साहेबासमोर सांगायला पायजे. आमची नावं गिरणीत कुठं लावलेलीच नव्हती.

लग्न होऊन आळंदजवळच्या मादन हिप्परगा गावात आले तवापासून त्या गिरणीत डाळ निवडली. नाकातोंडात नुसता भुसा. सुट्टी झाली की फाटकावर पदर झाडून दाखवायचा. डाळ चोरली का बघायला. सगळ्या बायांनी न्हाई बरं का! वरच्या आळीच्या बायांना "जा अक्का, जा." झाडायचं ते आम्ही, बौद्धवाड्याच्या बायांनी. मालक तिथंच खुर्ची टाकून बसायचा. एवढी वरसं त्यानं माझा पदर बघितला, तोंड बघितलंच न्हाई.

कचेरीत त्यानं अक्कांची नावं धडाधड सांगितली. मग आमच्या वाड्यातली रुक्माबाई पुढं झाली. तिनं पदर झाडला. "व्हय, आमचीच." मग मी. मला बी 'पदर झाडू दे' म्हणला.

खरं सांगते, माझा हात पदराला गेला होता. मनात काही यायच्या आधीच गेला. त्या हाताची मलाच शिसारी आली. घरात पीठ न्हाई. पोरगी कलबुर्गीला नर्सिंग शिकायलीय, मदत न्हाई मिळाली तर तिचं शिक्षण बंद. सगळं ठाऊक होतं. तरी हात खाली घेतला.

"साहेब, माझं नाव मला विचारा. मी सांगते."

"नाव सांगून काय होतंय? मालकानं वळखायला पायजे."

"मग त्यानं तोंड बघून वळखावं."

मालकानं मान फिरवली. "न्हाई वळखत."

साहेबांनी पुढचीला बोलवलं.

वाटेत रुक्माबाई रडत रडत भांडली. "झाडला असतास तर तुझं काय झिजलं असतं गं? पोरीचं वाटोळं केलंस!" तिला मी नावं ठेवत न्हाई. तिच्या बी घरी चूल हाय.

पोरीचा फोन आला. "आई, मग माझं कसं?" भिताडाला डोकं आपटावं वाटलं.

एवढंच म्हणलं, कालेज सोडायचं न्हाई. मी हैदराबादला जायलेय, गवंड्याच्या हाताखाली. पर मदत मागायचं बी सोडणार न्हाई. काम माझं गेलंय, मदत माझी हाय, ती काय मालकाच्या घरची न्हाई. माघारी आले की त्याच कचेरीत जाऊन उभी राहीन. तोंड दाखवीन, नाव सांगीन. हाकलतील. पुन्हा जाईन. पदर झाडणार न्हाई. पोरीसकट उपाशी झोपावं लागलं तरी न्हाई.